एप्रिलच्या रात्री आणि गायन पार्टी

रिसोड तालुक्यात मोकळ्या मैदानावरच्या गाण्याचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो. तूर-हरभरा घरात आलेला असतो, पेरणीला अवकाश असतो आणि चाळिशी ओलांडलेला पारा माणसाला दुपारी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. सगळी वर्दळ रात्रीवर जाते. ११ एप्रिलला महात्मा फुले आणि १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती. तिथून मेपर्यंत रिठद, केनवड, मोप अशा गावांमधून जयंतीचे कार्यक्रम चालू राहतात. नावाजलेली गायन पार्टी एका रात्री एकाच गावात गाऊ शकते, म्हणून गावे आपापली तारीख पुढे-मागे करून घेतात. ऐकणाऱ्याचे त्यात भलेच होते.

तरुणांचा मोठा जमाव, उघडे आभाळ, कर्णे आणि चालत्या व्यवस्थेला प्रश्न विचारणारे गाणे, एवढे जमले की जगात त्याला रॉक महोत्सव म्हणतात. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बेथेल येथील एका दूध उत्पादकाच्या रानात वुडस्टॉक भरला आणि चार लाखांवर माणसे लोटली. मुंबईत १९८६ मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला आणि धोबीतलावच्या रंगभवनाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. पण गाण्यांतून प्रबोधन करणारा आंबेडकरी जलसा या दोहोंहून जुना आहे. १९३० च्या दशकातच नाशिककडे भीमराव कर्डक यांचा जलसा गावोगाव फिरत होता. गायन पार्टी हे त्याच जलशाचे पुढचे रूप. वामनदादा कर्डक यांनी तरुणपणी अक्षरओळख करून घेतली आणि पुढे हजारो गीते रचली. नागोराव पाटणकर, श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांनी कव्वालीचा ठेका घरोघरी नेला. उमप गेले तेही नोव्हेंबर २०१० मध्ये, नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रम चालू असताना.

रिसोडकडच्या माणसाला हा कार्यक्रम पहिल्यांदा भेटतो तो आईच्या मांडीवर. बायका समोर बसतात, खाली सतरंजी किंवा घरून आणलेले पोते, आणि पोर दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यालाच झोपी जाते. त्या वयात शब्द कळत नाहीत. मनात राहते ती पांढरी साडी, निळा झेंडा आणि त्रिशरण-पंचशीलासाठी एकदम उभे राहिलेले सगळे गाव.

खरे ऐकणे सोळाव्या-सतराव्या वर्षी सुरू होते, आणि ते मित्राबरोबर. एका सायकलवर दोघे निघतात, पुढे कधीतरी मोटारसायकल येते. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून केलेला मंच, एका बाजूला एक पार्टी, दुसऱ्या बाजूला दुसरी. पुष्कळदा एक गायक आणि एक गायिका असा सामना असतो. आधी वंदनगीत, मग शेर, मग गाणे. ध्रुवपद कोरसवाले उचलतात, टाळ्या पडतात, ढोलकी दुगुनीत जाते. एका पार्टीने केलेला सवाल दुसरीने गाण्यातच सोडवायचा असतो. गाणे आवडले की ऐकणारा नोट आणि नावाची चिठ्ठी घेऊन मंचाशी जातो; गायक गाणे थांबवून नाव आणि गाव पुकारतो, नोट पेटीवर ठेवतो आणि तोडलेली ओळ पुन्हा उचलतो. दोघे मित्र बहुधा दोन बाजू वाटून घेतात. बैठक रात्रभर चालायची तेव्हा पहाटे परतताना कोणाचा जवाब भारी ठरला यावर रस्ता संपेपर्यंत वाद चालायचा. इतिहासातल्या किती गोष्टी, चवदार तळ्यापासून पुणे करारापर्यंत, या भागातल्या मुलांच्या कानावर पाठ्यपुस्तकाच्या आधी अशा वादांतून पडल्या आहेत!

या मंचावरचे सर्वांत लक्षवेधी वाद्य म्हणजे बेंजो. लांबट पेटी, तिच्यावर पोलादी तारा आणि टंकयंत्रासारख्या कळा. डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हाताने तार छेडायची. मूळ वाद्य १९१२ मध्ये जपानात नागोया येथे गोरो मोरिता यांनी बनवलेले ताइशोगोतो. आपल्याकडे त्याला पिकअप जोडून तो थेट अ‍ॅम्प्लिफायरला लावतात. दोन कडव्यांच्या मध्ये बेंजोवाला सुटला की जो आवाज निघतो तो इलेक्ट्रिक गिटारचा सख्खा भाऊ आहे. रॉक म्हणून रसिक ज्यासाठी जीव टाकतात, ते रिसोडच्या पोराने नाव माहीत नसताना ऐकलेले असते.

पुढे कॅसेटी आल्या. आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज टपरीवर, जीपमध्ये, लग्नघरात पोचले. त्यानंतर डीजे आला आणि जयंतीचा भर रात्रीच्या बैठकीवरून मिरवणुकीवर गेला. इथे नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. जुना भोंगा मधल्या पट्टीचा आवाज लांबवर फेकतो, माणसाचा आवाज नेमका त्याच पट्टीत असतो. त्यामुळे शिवारात झोपलेल्या राखणदारालाही ओळ न् ओळ कळायची. डीजेचे मोठे स्पीकर खर्ज फेकतात. छाती हादरते आणि शब्द त्याखाली बुडतात. शब्द बुडाले की सवाल-जवाबही बुडतो.

कायदाही बदलला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. वर्षातून फार तर पंधरा दिवस राज्य सरकार दहाची ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. मुंबईच्या रंगभवनातले कार्यक्रम शांतता क्षेत्रामुळे थांबले, खेड्यातली रात्रभराची बैठक दहा वाजता उठू लागली. आजारी माणसाला आणि अभ्यास करणाऱ्या मुलीला झोप मिळायलाच हवी, त्यामुळे नियम योग्यच आहे.

गाणे मात्र थांबलेले नाही. कडूबाई खरात यांची एकतारी मोबाइलवरून घराघरांत गेली. ‘धम्म विंग्ज’सारख्या बँडने बुद्ध-भीमगीते गिटार आणि ड्रमवर आणली. चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ मंचावर आला, तोही रॅप, रॉक आणि ‘गाना’ हा तिथला गायनप्रकार एकत्र घेऊन. पन्नाशीतला रिसोडकर हे सगळे खाटेवर पडून, कानात तार घालून ऐकतो आणि आवडलेले गाणे पुण्याला गेलेल्या मित्राला पाठवतो. वाद घालायला मात्र तो शेजारी नसतो.

दहाच्या आत संपणारा सामना ठरवणे अवघड नाही. संध्याकाळी सहाला दोन पार्ट्या बसल्या तरी चार तास मिळतात. जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातला एक वाटा बाजूला काढावा, आपल्याच जिल्ह्यातल्या ढोलकीवाल्याला, बेंजोवाल्याला सुपारी द्यावी आणि पुढच्या रांगेत शाळेतली पोरे बसवावीत.