‘बेल’चे व्हॉल्व्ह

हायवेची वर्दळ मंदावली की ॲम्प्लिफायर लावायचा. आज ‘बेल’चे जुने ईएल८४ बसवले, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओच्या जमान्यात बनवलेले. तिथलं ते उत्पादन कधीच बंद झालं. नवे हवेत तर स्लोव्हाकिया, रशिया नाहीतर चीन.

जुना व्हॉल्व्ह हाती आला की मी आधी काचेच्या माथ्यावरचा चंदेरी थर बघतो. तो बेरियमचा, आत उरलेला वायू शोषून घेतो. पांढरा पडला की हवा शिरली समजायचं, मग खोक्यावर कितीही मोठं नाव असो. चकचकीत असला म्हणून कॅथोडमध्ये दम असेलच असंही नाही. ते टेस्टरवरच कळतं.

जुन्यांचा स्वर मला गोल वाटतो. (त्यात थोडं कौतुक किमतीचंही असणार!) नवे मात्र मोजून, जोडी लावून मिळतात.

आमच्या डाळजला खरी अडचण विजेची. शेतीपंप बंद झाले की व्होल्टेज चढतं. २२० व्होल्टवर बेतलेल्या ट्रान्सफॉर्मरला २५० मिळाले, तर ६.३ व्होल्टचा हीटर ७.१ च्या वर जातो. कॅथोड झिजतो, जुना काय नि नवा काय. म्हणून स्टॅबिलायझरशिवाय ‘बेल’ लावत नाही. त्याचा फ्यूज गेलाय. उद्या भिगवणहून आणायला हवा.