विचारू नये असं

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं म्हणतात. लहानपणापासून ऐकत आलेली ही म्हण. तिच्याशी माझं कधी वाकडं नव्हतं. इजिप्तमधल्या अस्वानहून परतल्यापासून मात्र ती मला स्वस्थ बसू देत नाही. का विचारू नये? विचारणाऱ्याला त्रास होईल म्हणून, की ज्याला विचारायचं त्याला?

सरळ अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. मोठी नदी उगमापाशी ओहोळाएवढी असते, मोठ्या ऋषीची जन्मकथा चारचौघांत सांगण्यासारखी नसते. म्हणून आजचं मोठेपण पाहावं, सुरुवात उकरू नये. पैनगंगेला हे लागू पडतं. बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगरात ती निघते तिथे तिला कोणी गंगा म्हणणार नाही. मेहकरला येईतो तिच्या काठी देवळं उभी राहिलेली असतात. आमचं बीबी गाव एका अंगाला खडकपूर्णा आणि दुसऱ्या अंगाला पैनगंगा, अशा मधल्या पट्ट्यात आहे. एकीचं पाणी पूर्णेच्या नावाने परभणीकडे उतरून गोदावरीला मिळतं, दुसरीचं वर्धा आणि प्राणहितेचा लांबचा वळसा घेऊन गोदावरीलाच मिळतं. म्हणजे शेवट एक, मुळं वेगळी. आजी लोणारच्या धारेला न्यायची तेव्हा गोमुखातून पडणारं पाणी दाखवून म्हणायची, हे काशीहून येतं बरं. काशीहून कसं, असं मी विचारलं की ती डोक्यावर ओंजळभर पाणी घालायची आणि विषय संपायचा. तिच्या त्या उत्तरात म्हणीतला सगळा शहाणपणा होता, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

अस्वानला पाऊस जवळपास पडतच नाही. हे वाचलेलं असलं तरी तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आकाश इतकं कोरडं, की सावलीची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. शहराला कर्कवृत्त अगदी जवळ. सनपूर्व तिसऱ्या शतकात इथल्या एका विहिरीची गोष्ट अलेक्झांड्रियात बसलेल्या एराटोस्थेनिसच्या कानी गेली होती: उत्तरायणाच्या शेवटच्या दिवशी भर दुपारी ऊन थेट तळाला लागतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावली पडते, एवढ्या फरकावरून त्याने पृथ्वीचा परीघ काढला. आपल्याकडे सूर्य डोक्यावर दोनदा येतो. मेमध्ये विशीच्या आसपास येतो तेव्हा शेत नांगरून उघडं पडलेलं असतं. जुलैत परततो तेव्हा बहुधा ढगांआड असतो आणि कोणाचं लक्षही नसतं, कारण लक्ष पावसाकडे असतं. बीबीच्या माणसाचं सगळं आयुष्य वर पाहण्यात जातं. सोयाबीन पेरली, कपाशी लावली, आता वरून काय येतं ते बघायचं. अस्वानचा माणूस वर पाहतच नाही. त्याचं पाणी आडवं येतं, दुसऱ्या कोणाच्या तरी आभाळातून.

आणि येत होतं तेही विलक्षण वेळी. धरणं होण्यापूर्वी नाईलला पूर यायचा तो उन्हाळ्याच्या ऐन भरात, जेव्हा आसपास थेंबभर पाऊस नसे. ज्यांनी पाऊस पाहिलेला नाही त्यांनी या पुराचं काय कारण द्यावं? त्यांनी मूळ तिथेच ठरवून टाकलं. अस्वानसमोरच्या एलिफंटाइन बेटाच्या जवळ, खडकांखालच्या गुहांतून खनुम देव नदी सोडतो, असं ते मानत. सेहेल बेटावरच्या शिलालेखात सात वर्षांच्या दुष्काळाची कथा कोरली आहे, आणि राजाने खनुमाच्या देवळाला जमीन दिल्यावर नदी परत आली असं त्यात म्हटलंय. हेरोडोटसलाही एका देवळाच्या कारकुनाने सांगितलं होतं, की सायीन आणि एलिफंटाइनच्या मध्ये दोन डोंगर आहेत आणि त्यांच्यामधल्या अथांग झऱ्यांतून नाईल निघते. सायीन म्हणजेच आजचं अस्वान. हेरोडोटसला ते खरं वाटलं नाही, पण त्याने ते लिहून ठेवलं, हे त्याचे उपकार.

मी एलिफंटाइनवर नाईलमापकाच्या पायऱ्या उतरलो. भिंतीवर खुणा आहेत. पूर कितव्या खुणेपर्यंत चढला ते पाहायचं आणि त्यावरून त्या वर्षीचा सारा ठरवायचा. नदी कुठून येते ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण किती आली याचा हिशेब चोख होता. मला वाटलं, म्हण खरी असेल तर ती इथेच रचली जायला हवी होती. मूळ विचारू नका, खूण वाचा आणि पेरा.

पण माणसाने विचारलंच. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी नाईलच्या उगमासाठी जीव पणाला लावले. स्पीक आणि बर्टन एकत्र निघाले आणि वैरी होऊन परतले. १८६४ मध्ये दोघांची जाहीर चर्चा व्हायची त्याच्या आदल्या दिवशी स्पीक स्वतःच्या बंदुकीची गोळी लागून गेला. त्याने व्हिक्टोरिया सरोवराकडे बोट दाखवलं होतं आणि ते चूक नव्हतं. पण अस्वानला येणाऱ्या पाण्यातला फार मोठा वाटा, आणि पुराचा तर जवळजवळ सगळाच, इथिओपियाच्या पठारावर पडणाऱ्या पावसाचा. त्यातला मोठा भाग ताना सरोवरातून निघणाऱ्या निळ्या नाईलचा. ते पठारही आपल्यासारखंच, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर साचून झालेलं. तिथली झिजलेली काळी माती पुराबरोबर इजिप्तच्या शेतात येऊन बसायची. दोन्हीकडच्या काळ्या रानात कापूस झाला, आणि अमेरिकेतल्या यादवीने १८६१ नंतर तिकडचा कापूस अडला तेव्हा इजिप्तचे आणि वऱ्हाडचे भाव एकदमच वधारले. खामगावची बाजारपेठ त्या लाटेवर मोठी झाली, १८७० मध्ये तिथे जलंबहून रेल्वे गेली.

इथिओपिया म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला दुसरंच काही आठवायला हवं. मलिक अंबर. अंदाजे १५४८ मध्ये हबसाणात, म्हणजे इथिओपियातच, तो जन्मला. चापू हे त्याचं पहिलं नाव. पोरवयात विकला गेला, हातोहात फिरत अरबांच्या बाजारातून दख्खनला आला, आणि इथे त्याला निजामशाहीच्या ज्या पेशव्याने विकत घेतलं तो चंगीझखान स्वतःही हबशीच होता. हा विकत घेतलेला पोरगा पुढे निजामशाहीचा कर्ता झाला, मोगलांना त्याने वर्षानुवर्षं दक्षिणेत पाय रोवू दिला नाही, जमिनीची मोजणी आणि साऱ्याची घडी बसवली. १६१० मध्ये खडकीला राजधानी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. त्या शहराला त्याने नहर खणून पाणी आणलं. आमच्या सिंदखेडराजाचे लखुजी जाधव याच दरबारातले. कधी अंबरच्या बाजूने, कधी विरुद्ध. जिजाऊंच्या लहानपणी लखुजींच्या वाड्यात अंबरचं नाव किती वेळा निघालं असेल!

आता इथे म्हण लावून पाहा. अंबरचं कूळ दख्खनने विचारलं नाही असं नाही; हबशी म्हणून तो सगळ्यांना ठाऊक होता आणि जहांगीर त्याच्या रंगावरून त्याला शिव्या घालायचा. पण मराठा सरदार त्याच्या हाताखाली लढले, गावांनी त्याची सारापद्धत मान्य केली. एवढ्यापुरती म्हण उदार आहे, असं म्हणता येतं. ज्याचं मूळ लोकांनी हिरावून घेतलं त्याला, तू आज काय आहेस एवढंच आम्ही पाहू, असं ती म्हणते. मला ही बाजू फार आवडली होती. अस्वानच्या धक्क्यावर बसून मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं, की याच पाण्याच्या देशातून आलेल्या एका मुलाला आपल्या दख्खनने या म्हणीच्या बळावर सामावून घेतलं.

मग चोखोबा आठवले आणि ते बारगळलं. देऊळगावराजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे त्यांचं जन्मगाव मानतात. बीबीहून फार लांब नाही. संत म्हणजे ऋषीच की. मग त्यांचं कूळ का विचारलं गेलं? पंढरपूरच्या देवळाच्या दारातच का विचारलं गेलं? त्यांच्या बाबतीत ही म्हण कोणाला आठवली नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, आणि समाधी मिळाली ती महाद्वाराबाहेर. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच मान होता त्यांच्याच कुळावर पांघरूण घालायला ही म्हण जन्मली का? विचारू नये हा नियम सगळ्यांना सारखा लावलाच नाही, तर तो उदार कसा म्हणायचा? पण नियम सगळ्यांना सारखा लागू झाला असता तर चोखोबांना आत घेतलं असतं, हेही खरं. तेव्हा दोष म्हणीचा की ती पाळणाऱ्यांचा? मी इथे बरेच दिवस अडकून आहे.

पाण्याच्या बाबतीतही तसंच. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदानने नाईल वाटून घेतली. इजिप्तला ५५.५ अब्ज घनमीटर, सुदानला १८.५. ज्या इथिओपियातून पाणी येतं त्याला त्या करारात जागाच नव्हती. मूळ न विचारता केलेली वाटणी ती हीच. २०११ मध्ये इथिओपियाने निळ्या नाईलवर स्वतःचं मोठं धरण बांधायला घेतलं तेव्हा मूळ बोलायला लागलं, आणि खालच्यांची झोप उडाली. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपल्याकडे काय होतं ते आठवलं तर कैरोच्या माणसाची भीती कळते. वरच्यांचा हक्क कळतो तसा खालच्यांचाही कळतो. दोन्ही कळल्यावर बोलणं अवघड होतं.

अस्वानमध्ये मला ज्याने होडीतून फिरवलं तो नूबियन. शीड सोडलं की वाऱ्याकडे पाठ करून गायचा. पश्चिम काठावरच्या टेकडीवर तिसऱ्या आगाखानांची कबर दिसते. पुण्यातला आगाखान पॅलेस १८९२ मध्ये ज्यांनी बांधला तेच हे. जन्म कराचीचा, १९५७ मध्ये वारल्यावर मातीला आले अस्वानला, कारण इथला हिवाळा त्यांना आवडायचा. शेवट कुठे व्हावा ते माणूस निवडू शकतो. नावाड्याला मी आपल्या सवयीने विचारलं, गाव कोणतं? आमच्याकडे पाव्हणा ओसरीवर टेकला की पाण्याच्या तांब्याबरोबरच विचारतात, कोण्या गावचे? त्यात वाईट काही नसतं. त्याने दक्षिणेकडे हात केला आणि एक नाव सांगितलं. अजून किती लांब आहे, म्हटल्यावर तो म्हणाला, खाली आहे. पाण्याखाली. त्याचा जन्म तिथला नव्हता. त्याच्या बापाचाही कदाचित नसेल. तरी गाव म्हणून नाव तेच.

नूबियाचं, म्हणजे अस्वानच्या दक्षिणेकडच्या त्या नाईलकाठच्या मुलखाचं, बुडणं एकदम झालं नाही. पहिलं धरण १९०२ मध्ये पुरं झालं, मग १९१२ आणि १९३३ मध्ये त्याची उंची वाढवली. दर वेळी लोक घरं सोडून वरच्या खडकावर नवी बांधत गेले. मग १९६० ते १९७० मध्ये उंच धरण झालं, १११ मीटरचं, आणि वर सरकायला जागाच उरली नाही. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार नूबियन लोकांना कोम ओम्बोच्या बाजूला नेऊन वसवलं; सुदानमधल्या तेवढ्याच लोकांना नदीपासून कितीतरी दूर खश्म अल गिरबाला. दगडी देवांसाठी जग धावून आलं. अबू सिंबल १९६४ ते १९६८ मध्ये कापून ६५ मीटर वर चढवलं, फिलेचं इसिसचं देऊळ शेजारच्या बेटावर हलवलं. आपल्या पुरातत्त्व खात्याचं पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली तिथे गेलं आणि बुडण्याआधी अफिये इथे उत्खनन करून आलं. अस्वानच्या नूबियन संग्रहालयात हा सगळा ठेवा फार प्रेमाने मांडला आहे. १९९७ मध्ये ते उघडलं. तिथे मी पुष्कळ वेळ रेंगाळलो. दाराभोवती चिनी मातीच्या थाळ्या बसवलेल्या घरांची छायाचित्रं पाहताना आपल्या सारवलेल्या, कोनाडे काढलेल्या भिंती आठवल्या. वसवलेल्या नव्या गावांनाही लोकांनी जुनीच नावं ठेवली.

खडकपूर्णेवर धरण झालं तेव्हा आमच्याकडेही गावं उठली. त्या जलाशयाचं नाव संत चोखासागर. ज्या माणसाच्या हाताला पाणवठ्यावर पाण्याला शिवायची मुभा नव्हती त्याच्या नावाने आज एवढं पाणी साठलेलं आहे, याचा मला मनापासून आनंद आहे, आणि त्या पाण्याखाली कोणाची तरी घरं आहेत हेही तितकंच मनात सलतं. या दोन भावना एकमेकींत मिसळत नाहीत.

मध्यंतरी धरणात गाव गेलेल्या एका ओळखीच्या काकांसाठी नातवाच्या प्रकल्पग्रस्त दाखल्याचा अर्ज लिहून देत होतो. आपल्याकडे सरकार मूळ आणि कूळ दोन्ही विचारतं. प्रकल्पग्रस्ताला नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी गेलेल्या गावचा पुरावा हवा. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जातीसाठी १९५० पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १९६७ पूर्वीचा कागद हवा. अलीकडे तर मोडी वाचणाऱ्यांना बसवून दप्तरं चाळली गेली. ज्यांना कूळ विचारून शतकानुशतकं बाहेर ठेवलं, त्यांना आत यायचं तर आता कूळ सिद्ध करून दाखवावं लागतं, आणि ते लागावंच, नाहीतर झालेला अन्याय पुसला जाईल. नूबियन लोकही हेच मागतात. २०१४ च्या इजिप्तच्या संविधानात, २३६ व्या कलमात, दहा वर्षांत त्यांना त्यांच्या मूळ प्रदेशात परत आणायचं वचन दिलं होतं. ती दहा वर्षं होऊन गेली.

अर्जात मूळ गावाचं नाव लिहिल्यावर मी काकांना विचारलं, पुढे "सध्या जलाशयाखाली" असं लिहू का? ते म्हणाले, "कशाला? गाव हाय ना अजून." मी नुसतं नाव लिहिलं. त्या वेळी मला ते अगदी पटलं. नंतर वाटायला लागलं, की त्यांच्या नातवाने ते गाव पाहिलेलं नाही, पाहणारही नाही, आणि उद्या त्याला कोणी ओसरीवर गाव विचारलं तर त्याने हेच नाव सांगावं, असं आपण त्याच्यावर लादतो आहोत का? की हे नाव त्याच्याकडून काढून घेणं जास्त वाईट? नातवाला विचारायला हवं. पण तो अजून इतका लहान आहे, की हे त्याला विचारावं की नाही, तेच मला ठरवता येत नाही.