निसर्गाचा भूगोल : आमच्या नव्या शास्त्रीय अंकाची तयारी



भूगोल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? नकाशा भरा, नद्यांची नावं पाठ करा, 'भौगोलिक कारणे द्या' आणि परीक्षेनंतर विसरून जा. पण भूगोल हा मुळात बाहेर पडून, पाहून, मोजून लिहिण्याचा विषय आहे. म्हणूनच येत्या जूनमध्ये आमच्या शाळेत सातवी-आठवीच्या मुलांचा एक हस्तलिखित शास्त्रीय अंक सुरू करत आहोत. विषय एकच, आपल्या परिसरातल्या निसर्गाचा भूगोल. दर तीन महिन्यांनी एक अंक निघेल. नाव मुलांनीच ठरवायचं आहे, आणि त्यावरून वर्गात रोज भांडणं चालू आहेत!

पालकसभेत हा विषय मांडला तेव्हा एका पालकांनी सरळ विचारलं, "सर, मोबाईलवर सगळं मिळतं की. मग हे कशाला?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देताना मला एका जगप्रसिद्ध मासिकाची सुरुवात आठवली.

१३ जानेवारी १८८८ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन शहरातल्या कॉसमॉस क्लबमध्ये ३३ जण जमले. त्यांत भूगोलाचे अभ्यासक होते, तसे नकाशे करणारे, हवामान पाहणारे आणि लष्करी अधिकारीही होते. त्यातून 'नॅशनल जिओग्राफिक सोसायटी' उभी राहिली आणि त्याच वर्षी तिच्या मासिकाचा पहिला अंक निघाला. आज त्या मासिकाची ओळख म्हणजे पिवळी चौकट आणि देखणी छायाचित्रं. पहिला अंक मात्र अगदी साधा होता. साधं मुखपृष्ठ आणि आत गंभीर, शास्त्रीय लेख. चित्रांनी भरलेलं मासिक व्हायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

त्या पहिल्या अंकात विल्यम मॉरिस डेव्हिस यांचा लेख होता. नाव ओळखीचं वाटतं ना? नदीची युवावस्था, प्रौढावस्था आणि वृद्धावस्था आपण फळ्यावर काढून शिकवतो, ती मांडणी याच डेव्हिस यांची. पुढे १८९९ मध्ये त्यांनी 'भौगोलिक चक्र' सविस्तर मांडलं. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेपही घेतले. शास्त्रीय नियतकालिकाचं काम हेच असतं. एकाने पाहिलेलं लिहायचं, दुसऱ्याने ते तपासायचं. मराठीतही ही परंपरा जुनी आहे. विज्ञानाला वाहिलेलं 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ साली पुण्यात सुरू झालं.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. मोबाईलवर ॲमेझॉनच्या जंगलाची माहिती मिळते. पण आमच्या गावच्या ओढ्याला यंदा कधी पाणी आलं आणि कधी आटलं, हे मोबाईलवर कुठेच मिळत नाही. ते कुणी लिहूनच ठेवलेलं नाही!

खरं तर आमचा सातारा जिल्हा म्हणजे भूगोलाची उघडी प्रयोगशाळा. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की तो हजाराच्याही खाली येतो आणि पूर्वेला माण-खटावकडे ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. ढग तेच, वारा तोच. पण सह्याद्री चढताना हवा थंड होते, पाणी तिथेच पडून जातं आणि पलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो. पाठ्यपुस्तकात याला एक आकृती असते. आमच्या मुलांना ती एसटीच्या खिडकीतून दिसते.

मागच्या पावसाळ्यापासून मुलं नोंदी ठेवत आहेत. पर्जन्यमापक घरीच केला. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा, तळाशी खडे टाकून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि बाहेरून पट्टी चिकटवायची. वाचन रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचीही वेळ तीच. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे कळल्यावर मुलांनी शाळेच्या पत्र्यावर किती पाणी पडतं याचा हिशोब मांडला. गणिताच्या तासाला न सांगता झालेला हा गृहपाठ!

दुसरं काम होतं विहिरींचं. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय काठावर जायचं नाही, हा पहिला नियम. ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी सात विहिरींत दोरी सोडून काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजलं. माळावरच्या दोन विहिरींचा तळ फेब्रुवारीतच दिसू लागला, तर ओढ्याकाठच्या तीन विहिरींत मार्चअखेरही पाणी होतं. "असं का?" यावर वर्गात चांगली चर्चा झाली. आपला काळा पाषाण कठीण, पाणी साठतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. उतारावरचं पाणी हळूहळू खाली सरकतं.

खरी परीक्षा इथेच आली. माळावरच्या एका विहिरीचे मालक शाळेत आले आणि म्हणाले, "पोरांनी लिहिलंय ते खोटं नाही, सर. पण माझी विहीर आटते असं अंकात आलं तर उद्या जमिनीला गिऱ्हाईक मिळायचं नाही. पोरीचं लग्न काढलंय."

मी हा प्रश्न मुलांसमोर ठेवला. एकजण म्हणाला, "ती विहीरच वगळू." लगेच एक मुलगी म्हणाली, "मग उरलेल्या सहा विहिरींवरून माळावर पाणी टिकतं असंच वाटेल. ते खोटं होईल." अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं की आकडे सगळे द्यायचे, एकही बदलायचा नाही. मालकांची नावं मात्र द्यायची नाहीत. विहिरींना क्रमांक, आणि नकाशात फक्त 'माळ' आणि 'ओढाकाठ' असे दोन पट्टे. मालकांना कच्चा अंक दाखवला. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे चालंल. पण सहावा नंबर माझा, हे गावाला कळणारच हो." हसले, पण ते बोलणं मनात राहिलं. लहान गावात खरं लिहिण्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. आकडे लिहिताना त्या आकड्यामागे माणूस आहे, हे मुलांना कुठल्या धड्यातून शिकवणार होतो मी?

आपल्या शाळेतही असा अंक काढायचा असेल तर फार खर्च नाही. कार्डशीट, स्केचपेन आणि एक नोंदवही पुरे. प्रत्येक नोंदीला चार गोष्टी हव्यात : तारीख, ठिकाण, माप आणि पाहणाऱ्याचं नाव. 'खूप पाऊस पडला' असं नको, '४२ मिमी' असं हवं. ऐकीव माहिती वेगळ्या चौकटीत, 'आजोबा सांगतात' असं लिहून. चुकलेली नोंद खोडायची नाही, बाजूला दुरुस्ती करायची. गुणांचं विचाराल तर हे काम उपक्रम म्हणून सहज धरता येतं.

आणि पालकहो, तुमच्याकडून एकच अपेक्षा. मुलगा किंवा मुलगी सकाळी साडेआठला बाटली घेऊन अंगणात उभी राहिली तर "वेळ घालवू नको" म्हणू नका. "किती पडला गं?" एवढंच विचारा.