मामाकडचे पानेतर

आमच्या गुजराती जैन कुटुंबांत वधू मांडवात जे पानेतर नेसते ते मामाकडून येते. मोतिया अंगाचे, लाल काठांचे हे वस्त्र नेसून ती विधीला बसते आणि सासरचे लाल घरचोळे नंतर तिच्या खांद्यावर येते. त्यामुळे भाचीचे लग्न ठरताच पानेतराची निवड मामी या नात्याने माझ्याकडे आली. मी लग्न होऊन आले ती कापडाच्या पेढीवर, आणि गेली सव्वीस वर्षे गादीवर बसते आहे. तेव्हा हे काम दोन दिवसांत आटोपेल, अशी नणंदबाईंची समजूत होती.

मुलगी उंचीने पाच फुटांच्या आत, अंगाने भरलेली, वर्णाने सावळी. “पांढराशुभ्र रंग घ्या, मुलगी उजळ दिसेल,” हा सल्ला नात्यातल्या दोघी-तिघींनी तिच्यासमोरच दिला. दुकानात नित्य कानी पडणारे हे वाक्य मला कधीच पटलेले नाही. निळसर झाक असलेल्या शुभ्र कापडापुढे सावळा वर्ण निस्तेज होतो. तोच दुधावरच्या सायीच्या रंगापुढे तेजस्वी दिसतो. तेजस्वी म्हणजे गोरा नव्हे. आणि ही पारख दुकानातल्या दिव्याखाली होत नाही. आमचे सासरे गिऱ्हाइकाला ताक्यासह उंबरठ्याबाहेर उजेडात नेत असत; तेथे रंग नापसंत होऊन विक्री बुडाली तरी त्यांना त्याचे दुःख नसे.

काठाचा प्रश्न सोपा होता. वीतभर रुंद काठ ठेंगण्या मुलीची उंची आडवा छेद देऊन आणखी कमी करतो, म्हणून काठ चार बोटांचा ठरवला. आपण पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेतो, तेव्हा त्यावरची सारी नक्षी छातीपोटावर पसरते; भरल्या अंगाला ती नाजूक व विरळ असलेली बरी. शिवाय कापड पाहताना मी तिला खाली बसवले, उठवले, वाकून नमस्कार करायला लावले. चार फेरे, वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद, मग देरासरात दर्शन: एवढा सारा दिवस ज्यात पार पडायचा, ते आरशासमोर नुसते उभे राहून निवडण्यात काय अर्थ!

अडले ते पुढे. पानेतराला रूढीने वापरतात ते गज्जी, म्हणजे चकचकीत साटीन पोताचे रेशीम. त्याला हात लावून भाची म्हणाली, “मामी, रेशीम नको. माझ्या फेऱ्यांसाठी जीव जायला नको.”

मी गप्प राहिले. कोशातला सातआठशे मीटर लांबीचा धागा अखंड मिळावा म्हणून आतल्या किड्यासह कोश उकळतात वा वाफवतात, हे या व्यापारात कोणाला ठाऊक नाही? पूजेची रेशमी वस्त्रे आमच्याही कपाटात आहेत; तिला उपदेश करण्याचा अधिकार मला नव्हता.

पतंग बाहेर पडू देऊन मगच कोश घेतात, असे रेशीम मिळते. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांच्या प्रयत्नांनी ते ‘अहिंसा रेशीम’ या नावाने ओळखीचे झाले. पतंग कोश फोडून निघाला की धागा तुटतो. मग तो कापसासारखा कातावा लागतो. म्हणून हे कापड महाग पडते आणि त्याला झगमगाट नसतो. आसामकडच्या एरी रेशमाचा कोश मुळातच एका टोकाला उघडा असतो. पण त्यातला किडा तेथे खाल्लाही जातो. म्हणून केवळ ‘एरी’ या नावावर विसंबू नये, माल कोठून व कसा आला हे विक्रेत्याला विचारावे.

गंमत अशी की हा मंदपणाच भाचीला शोभला. साटीनची चमक अंगावरची प्रत्येक घडी दाखवते. कातीव रेशीम उजेड जिरवून घेते आणि निऱ्या सरळ खाली उतरतात. त्याचा न धुवटलेला मूळ रंगही सायीचाच. कोरे कापड घेऊन आम्ही ते जामनगरला बांधणीसाठी धाडले.

नणंदबाईंना मात्र घोर लागला. “पानेतर चमकले नाही तर व्याही मंडळी म्हणतील, मामाने हात आखडता घेतला.” व्यापारी घरात ही भीती लहान नसते. मुलीचे बोलणे मुलीनेच करावे असे भाचीने ठरवले, आणि कापडाचा तुकडा व गज्जीचा तुकडा घेऊन ती माझ्यासह सासूबाईंकडे गेली. त्यांनी दोन्ही तुकडे खिडकीशी धरले, बोटांनी पोत चाचपले. भाचीने किमतीचा विषय काढलाच नाही, कारण सांगितले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग मला विचारले, “आमच्या सासूबाईंचे घरचोळे सुती होते. तसे आजही मिळेल का हो?”

मिळते. घरचोळे सुतावरही होते. त्यात बारा चौकटींचे ‘बार बाग’ आणि बावन्न चौकटींचे ‘बावन बाग’ असे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. मी बावन्नचे सुचवले, कारण लहान चौकट ठेंगण्या बांध्यावर अधिक खुलते. बांधणीच्या गाठी सोडवल्यावर राहणाऱ्या बारीक सुरकुत्या इस्त्रीने मोडू नका, एवढे सासूबाईंनी मला दोनदा बजावले.