नानांचे शेवटचे दुखणे

२०१६ सालच्या हिवाळ्यात, लोदला, आमच्या नानांना शौचास काळे, डांबरासारखे चिकट होऊ लागले. आम्हा भावंडांना त्याचे काही वाटले नाही. अंगात रक्त कमी म्हणून ते लोहाच्या गोळ्या घेत होते, आणि त्या गोळ्यांनी शौच काळे होते हे सर्वांना ठाऊक. त्यांचे सर्व करणाऱ्या थोरल्या वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "ह्याला वास निराळाच येतो." घरात त्यांचे ऐकतो कोण! आठ दिवसांनी नाना पहाटे न्हाणीघरात पडले व त्यांना रक्ताची उलटी झाली.

'बी' काविळीचा विषाणू नानांच्या अंगात कोकणात होते तेव्हापासूनच असावा. यकृताचा कॅन्सर सहा महिन्यांपूर्वीच कळला होता. पण दुखणे यकृताचे आणि रक्त पोटातून का, हे आम्हाला उमजेना. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढले. जठर, आतडी, प्लीहा या सर्वांचे रक्त एका मोठ्या शिरेने यकृतात जाते. कॅन्सर त्या शिरेत पसरला की वाट तुंबते. मग रक्त अन्ननलिकेच्या तळच्या नाजूक शिरांतून वाट काढते, त्या फुगतात आणि फुटतात. क्वचित गाठच शेजारच्या जठरात वा आतड्यात घुसते व तेथून रक्त वाहते. चित्र पाहून आई हळूच म्हणाली, "म्हणून तर कलेजीला नुसते मीठ पुरत नाही, विस्तवावर भाजावी लागते." त्या प्रसंगीही आम्हाला हसू आले.

तोंडातून नळी घालून त्या शिरांना रबरी कडी बसवली. रक्त थांबले. नाना पुढे सात आठवडे होते. नातवंडांना रेवदंड्याच्या गोष्टी सांगून झाल्या, आईशी एकदा भांडूनही झाले.

आधी आणले असते तर? आम्ही विचारलेच. कॅन्सर बरा झाला नसता, डॉक्टर स्पष्ट म्हणाले. पण न्हाणीघरातली ती पहाट बहुधा टळली असती. गोळ्यांनी शौच काळे होते, पण असे चिकट व दुर्गंधी होत नाही. हे वहिनींना नाकाने कळले होते.

इस्राएलात १९९२ पासून प्रत्येक नवजात बाळाला 'बी' काविळीची लस देतात. आम्ही सारे त्याआधीचे. नानांच्या मागून सर्वांनी रक्त तपासून घेतले. धाकट्याच्या रक्तात तो विषाणू निघाला. तो रोज गोळी घेतो आणि दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करतो. तारीख तो विसरतो. वहिनी आदल्या दिवशी फोन करतात.