अंगणातला धूर

आमच्या नानांना दमा जुनाच. परंतु गेल्या माघात तो एकाएकी बळावला. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी रात्र रात्र ते उशीला टेकून बसून काढीत. औषध बदलण्यापूर्वी डॉक्टरांनी साधाच प्रश्न विचारला, "सकाळी घराजवळ काही जळते का?"

मी खजील झालो. जाळणारा मीच होतो. सावेडीतल्या आमच्या अंगणात कडुलिंबाचा पाला गोळा करून, त्यात कागद आणि पिशव्या टाकून पहाटे पेटवून देणे, हा माझा अनेक वर्षांचा नेम होता.

थंडीत जमिनीलगतची हवा गार व जड असते. धूर वर न चढता ऊन तापेपर्यंत तिथेच रेंगाळतो. त्यातील अडीच मायक्रॉनहून लहान कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढेही नसतात, म्हणून ते थेट फुप्फुसांच्या तळाशी पोहोचतात. अशा कणांची आपल्याकडील मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीने दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 15 सुचवली.

हवा मोजण्याचे काम मुख्यतः प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. मात्र कचरा, रस्त्यांवरची धूळ, बांधकामाचा राडारोडा या गोष्टी महानगरपालिका, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती यांच्या हाती असतात. 2020 पासून राज्यात सुरू झालेल्या 'माझी वसुंधरा' अभियानात या संस्थांचे काम भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर गुण देऊन पारखले जाते. उघड्यावर कचरा जाळण्यास तर 2016 च्या घनकचरा नियमांनीच मनाई केली. पण माझ्या हातातल्या काडीपेटीवर पहारा कोण ठेवणार?

तो मीच ठेवला. पाल्यासाठी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. कागद व प्लास्टिक घंटागाडीत जाऊ लागले. नानांचे फिरणे पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर ठेवले. दमा गेला नाही, पंपही सुटला नाही. परंतु डॉक्टरांच्या औषधाला आता घरातूनच विरोध होत नाही, आणि नाना बहुतेक रात्री आडवे होऊन झोपतात.

परवा गल्लीच्या टोकाला धूर दिसला. नानांनी खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, "जा, रागावू नकोस. त्यांना तुझीच गोष्ट सांग."

मी गेलो.