टाचलेलं पान

तुरीचं रोप दहा-बारा दिवसांचं झालं की संशोधन केंद्रात आम्ही स्टेपलर घेऊन ओळीत उकिडवे बसतो. वांझ रोगाच्या झाडाचं पान खुडायचं, निरोगी रोपाच्या पानावर दुमडून टाचायचं. त्यातले डोळ्यांना न दिसणारे कोळी रोपावर सरकतात, त्यांच्यासोबत रोगाचा विषाणूही. मर रोगासाठी तर जमिनीचा एक तुकडाच राखलेला. तिथं दरसाल तूर, आणि वाळलेल्या झाडांचे तुकडे पुन्हा त्याच मातीत. आई एकदा म्हणाली, "लोक रोग जावा म्हणून नवस करत्यात, अन् तू तो पाळतोस व्हय?" पाळतो. रोग हमखास लागला तरच टिकलेलं झाड ओळखता येतं.

माझ्या गावची, पिशोरची, भारी रानं अद्रकीची. आमचं रान डोंगराच्या अंगाचं, मुरमाड. कपाशीत तुरीचं तास असायचं. बीएसएमआर-७३६ हा वाण आला तेव्हा मर आणि वांझ दोन्ही आवरले, पण तो पावणेसहा-सहा महिन्यांचा. परतीचा पाऊस चुकला की आमच्याकडं ओल संपायची आणि झाड अजून फुलावर. वडील म्हणायचे, "आता तूर मरत न्हाई, पण भरतबी न्हाई."

संशोधन कशानं पुढं सरकतं, असं कुणी विचारलं की मला हे वाक्य आठवतं. निधी लागतो, मंजुरी लागते, सगळं खरं. पण कुठलं झाड शोधायचं ते अशा वाक्यानं ठरतं. परभणी कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राचा बीडीएन-७११ हा २०१२ चा वाण दीडशे-एकशेसाठ दिवसांत निघतो. पांढरी तूर, मर रोगाला दाद न देणारी.

असा वाण सरकारी केंद्रातच होतो, असं माझं ठाम मत आहे. तूर सरळ वाणाची, शेतकरी घरचं बी राखून पेरतो. दरसाल नवं बी विकून चालणाऱ्याला त्यात काय मिळणार? आणि काम सोशीक. उमलायच्या आधी कळी चिमट्यानं उघडायची, दहाही पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावून दोरा बांधायचा. बहुतेक कळ्या गळून पडतात. उरलेल्या दाण्यांतून वाण व्हायला दहा-बारा वर्षं.

परवा गावी गेलो. शेजारच्या काकांनी राखेत घोळलेलं तुरीचं बी दाखवलं, मग म्हणाले, "कपाशी कमी केली, आता मकाच. पण मक्यात तुरीचं तास सावलीनं दबतंय. सावली सोसंल अशी हाय का?"

मी खिशातली वही काढली.